एका तुकडीवरून देश नाझी?


गेल्या अंकातील युक्रेनविषयीच्या पत्रात रशियाचा ‘नाझी राजवटी’चा आरोप जसाच्या तसा उतरला आहे. पुरावा काय, तर अझोव्ह तुकडी. २०१४मध्ये उभी राहिलेली ही तुकडी मुळात अतिउजव्यांची होती, हे खरेच. पण तिच्यावरून चार कोटींचा देश नाझी ठरवायचा, तर २०१९च्या निवडणुकांचे काय करायचे? ‘स्वोबोदा’ पक्षाच्या यादीत एकवटलेल्या अतिउजव्यांना संसदेच्या निवडणुकीत जेमतेम दोन टक्के मते पडली. त्याच वर्षी झेलेन्स्की ७३ टक्के मतांनी अध्यक्ष झाले. ते ज्यू, आजोबा लाल सेनेतून हिटलरशी लढलेले. यावर लावरोव्ह यांनी मे २०२२मध्ये हिटलरच्याही अंगात ज्यू रक्त असल्याचे सांगून टाकले! (रशियाचे परराष्ट्रमंत्री आहेत हे गृहस्थ.) इस्राएल खवळले ते उगीच नाही.
बोरिस रोमानचेन्को नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत सुटले होते. मार्च २०२२मध्ये खारकीव्हमधील त्यांच्या इमारतीवर रशियाचा मारा झाला आणि ते वयाच्या ९६व्या वर्षी घरातच मारले गेले. त्यांना कोणत्या नाझींपासून मुक्त केले, ते पत्रलेखकांनी पुढच्या अंकात जरूर कळवावे.
– एक वाचक, सांगली