पहिली पसंती कुणाची?



2025 च्या जुलैत असल्फ्याच्या टेकडीवरच्या आमच्या बैठकीला एक बाई पेढे घेऊन आल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. मुलीला दहावीला 89 टक्के मिळाले होते आणि अकरावीच्या पहिल्याच यादीत, पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं होतं. सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या. मुलगी मात्र दाराशी, चपलांजवळ बसून होती. पेढा तिने नुसता हातात धरला होता. एका कार्यकर्तीने सहज विचारलं, "काय गं, खूश ना?" ती हळूच म्हणाली, "ताई, ती पसंती दादाची होती. मला पार्ल्याला जायचं होतं."

अर्ज दादाने भरला होता. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येत होता. घरापासून चालत जाता येईल असं कॉलेज त्याने पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि पार्ल्याचं दुसऱ्या. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. "आधी मोठं कॉलेज टाकलं आणि ते नाही लागलं, तर हातचंही जाईल," असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात पार्ल्याच्या त्या कॉलेजचा कट-ऑफ मुलीच्या गुणांच्या खाली थांबला होता. ते पहिलं लिहिलं असतं तर तिला तेच मिळालं असतं.

या एका गैरसमजापायी किती मुलींची दोन वर्षं आणि पुढची वाट बदलत असेल, या विचाराने आम्ही अस्वस्थ झालो. म्हणून हे संपादकीय प्रवेशअर्जावर.

मुंबईत अकरावीचे प्रवेश 2009 पासून ऑनलाइन होतात. 2025 मध्ये ही पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली. त्याआधी मुलीला घेऊन आईने कॉलेज-कॉलेजच्या रांगेत उभं राहायचं, ओळखीच्या माणसाची चिठ्ठी मिळवायची, हे आपल्यापैकी अनेकींनी अनुभवलं आहे. ते बऱ्याच अंशी थांबलं, हे चांगलंच झालं. पण नव्या पद्धतीत निर्णयाची जागा बदलली. पूर्वी तो कॉलेजच्या खिडकीवर होत असे. आता तो घरात, अर्जाच्या दुसऱ्या भागात, दहा रकाने भरताना होतो. आणि घरात निर्णय कोण घेतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

नियम नीट समजून घेऊ. यादी गुणांच्या क्रमाने आणि आरक्षणाच्या नियमांनुसार लागते. मुलीचा क्रमांक आला की तिची पहिली पसंती पाहिली जाते. तिथे जागा उरली नसेल तर दुसरी, मग तिसरी. मोठं कॉलेज पहिलं लिहिलं म्हणून दुसऱ्या क्रमांकावरच्या कॉलेजवरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणजे मनातला क्रम जसाच्या तसा लिहिण्यात तोटा काहीच नाही. शेवटच्या दोन-तीन रकान्यांत मात्र नक्की मिळतील अशी कॉलेजं हवीत, एवढीच काळजी घ्यायची.

तोटा आहे तो उलटं लिहिण्यात. 2025 च्या नियमानुसार पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर मुलगी पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते नाकारून पुढच्या फेरीची वाट पाहता येते. म्हणजे पहिला रकाना हा नुसता रकाना नाही, तो दिलेला शब्द आहे. भीतीपोटी जवळचं कॉलेज पहिलं लिहिलं की ते मिळतं आणि दार बंद होतं.

अमेरिकेतल्या अनेक नामवंत कॉलेजांतही अशी पद्धत आहे. नोव्हेंबरच्या सुमारास एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा आणि निवड झाली तर तिथेच येईन असा शब्द द्यायचा. तिथेही त्यावर टीका होते. ज्यांच्या घरी पैसा आहे आणि सल्ला द्यायला माणसं आहेत ते बिनधास्त शब्द देतात. ज्यांना कुठे किती मदत मिळते हे पाहून ठरवायचं असतं, ती मुलं मागे राहतात. देश कुठलाही असो, शब्द बांधून घेणारा नियम आधीच माहीतगार असलेल्याला सोपा जातो.

2025 च्या पहिल्या फेरीत राज्यात साडेचार लाखांहून अधिक मुलामुलींना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. हा आकडा समाधानाचा म्हणून सांगितला गेला. असल्फ्याची मुलगीही त्या आकड्यात आहे. संगणकाला पसंती कळते. ती कुणाची, हे त्याला कळत नाही.

मुलींच्या बाबतीत ती कशी ठरते ते आपण रोज पाहतो. स्टेशन ओलांडावं लागू नये, अंधार पडायच्या आत घरी यावी, धाकट्याला शाळेतून आणायची वेळ साधावी, ओळखीची कुणीतरी त्याच कॉलेजात असावी. मुलग्यासाठी अंतर म्हणजे पासाचे पैसे. मुलीसाठी अंतर म्हणजे परवानगी. बोरिवलीच्या मुलाला माटुंग्याचं रुईया किंवा पोदार लागलं तर घरात अभिमान असतो. मुलीला लागलं तर आधी प्रश्न येतो, "रोज एवढ्या लांब?"

आईची भीती खोटी नाही. गाडीतली गर्दी, छेडछाड, पुलावरचे धक्के हे सगळं तिने स्वतः सोसलेलं असतं. पण त्यावर उत्तर म्हणून दर वेळी मुलीचंच वर्तुळ लहान करायचं का? 1992 मध्ये चर्चगेट–बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली, तेव्हा बायकांना घरी बसवून नव्हे, तर गाडी देऊन प्रश्न हाताळला गेला. 2014 मध्ये घाटकोपर–वर्सोवा मेट्रो आली. आज असल्फ्याहून मेट्रोने अंधेरी आणि तिथून लोकलने एकच स्टेशन, की विलेपार्ले. नकाशा बदलला, पण घरातला अंतराचा हिशेब अजून जुनाच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जवळचं कॉलेज म्हणजे कमी दर्जाचं, असं आम्हाला अजिबात म्हणायचं नाही. मुलुंडच्या मुलीला केळकर-वझे किंवा घाटकोपरच्या मुलीला विद्याविहारचं सोमय्या मनापासून हवं असेल तर उत्तमच. केवळ मुलींच्या कॉलेजात मोकळेपणाने शिकता येतं असं एखादीला वाटत असेल, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते बायकांना शिकण्याची जागा मिळावी म्हणून. आमचा आग्रह कॉलेजच्या नावाचा नाही. क्रम तिने लावलेला असावा, एवढाच आहे.

आणि थोडं स्वतःकडेही पाहू. वस्तीत काम करताना "घरात वाद नको, जवळचंच टाक" असं आपणही किती वेळा सांगतो! शाळा सुटू नये म्हणून आपण तडजोड सुचवतो, आणि तडजोड करायची सवय पुन्हा मुलीलाच लागते.

तेव्हा यंदापासून काय करता येईल? दहावीचा निकाल लागण्याआधीच वस्तीत मुली आणि आया यांची एकत्र बैठक घ्यावी. बैठकीत आधी मुलींनी बोलावं. त्या वर्षीचे नियम सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावेत, कारण ते दरवर्षी बदलू शकतात. मागच्या वर्षीचे कट-ऑफ पाहावेत, पण त्यांना घाबरून यादी लावू नये. एकाच कॉलेजच्या अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्या अर्जात वेगवेगळ्या असतात आणि फीमध्ये मोठी तफावत असते. घाईत चुकीची तुकडी पहिली लिहिली तर तीही बांधून घेते. म्हणून फी आधीच विचारून ठेवावी.

लॉगिन आणि पासवर्ड मुलीच्या वहीत, तिच्याच अक्षरात असावा. मोबाइल दादाचा असला तरी अर्ज भरताना ती शेजारी हवी आणि अर्ज कायम करण्याआधी दहाही नावं तिने वाचलेली हवीत. लांबच्या कॉलेजची भीती वाटत असेल तर एका सकाळी कॉलेजच्या वेळेला आई, मुलगी आणि आपल्यातली एखादी अशा तिघींनी तो प्रवास करून पाहावा. तासभराच्या वादापेक्षा त्या एका फेरीने जास्त काम होतं. आणि भावांशीही बोलू या. असल्फ्याच्या दादाला नियम माहीत असता, तर कदाचित त्याने वेगळा क्रम लावला असता.

ती मुलगी आता त्याच कॉलेजात जाते. तिच्या मागे धाकटी बहीण आहे. "हिचा अर्ज मी भरणार नाही, तीच भरेल; मी नुसती शेजारी बसेन," असं मोठीने आम्हाला सांगून ठेवलंय.

तुमच्या भागात मुलींचे अर्ज कसे भरले जातात, क्रम कोण लावतं, वाद झाला तर तुम्ही काय केलंत, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात हे अनुभव एकत्र मांडू या.

– संपादक गटाच्या वतीने