आधी चूक शोधा, मग वर्ग भरवा

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज. यांतल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखान्यात जा. एप्रिल उजाडला की एचआर विभागाचे वर्षभराचे ट्रेनिंग कॅलेंडर भिंतीवर लागते. या महिन्यात फाइव्ह एस, पुढच्या महिन्यात सुरक्षितता, मग संवादकौशल्य, मग ताणतणाव. हजेरीपत्रकावर सह्या होतात, फोटो निघतात, अभिप्रायाचे फॉर्म भरले जातात आणि ग्राहक कंपनीचा ऑडिटर फाइल पाहून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. कोणत्या मशीनवर, कोणत्या शिफ्टमध्ये, कोणाच्या हातून, कोणती चूक वारंवार होते, हे मात्र कोणी विचारलेले नसते. ते न विचारता ठरवलेले प्रशिक्षण वर्गात द्या, मोबाइलवर द्या, नाहीतर लोणावळ्याच्या रिसॉर्टवर द्या, ते वायाच जाते, असे माझे ठाम मत आहे.

आज सर्वांत जोरात मांडला जाणारा पक्ष मोबाइल अभ्यासक्रमांचा आहे, आणि त्या पक्षाचे म्हणणे हलके नाही. हजारो माणसांपर्यंत एकच मजकूर एकाच दिवशी पोचतो, ज्याला जेव्हा सवड तेव्हा तो शिकतो, प्रवासाचा आणि सभागृहाचा खर्च वाचतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण योजनेचाही मोठा भर ‘आयगॉट’ या डिजिटल व्यासपीठावर आहे. नियम बदलला, नवा फॉर्म आला, रजेची पद्धत बदलली, तर हाच मार्ग योग्य; तेवढ्यासाठी माणसे गोळा करणे खरोखरच उधळपट्टी आहे. पण वेल्डिंगची टॉर्च किती अंतरावर धरायची हे व्हिडिओत नुसते दिसते. हाताला ते कळते टॉर्च धरल्यावर, आणि शेजारच्या जाणत्याने मनगट दुरुस्त केल्यावर. इतक्या जणांनी इतके अभ्यासक्रम पूर्ण केले, हा आकडा शेवटचे बटण कितींनी दाबले एवढेच सांगतो.

दिवसभराच्या कार्यशाळेचे समर्थकही याच चुकीत सापडतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. नव्याने पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर टिकते, हे त्याने दाखवले. इतकी जुनी गोष्ट ठाऊक असताना आठ तासांचा मजकूर एकाच दिवशी ओतून पुन्हा वर्षभर तिकडे न पाहणे याला काय म्हणावे? डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माणसांना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावरचे त्यांचे वागणे बदलले का, आणि संस्थेला त्याचे फळ मिळाले का. आपले अभिप्रायाचे फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतात. जेवण चांगले होते आणि वक्ता रंजक होता, एवढेच त्यातून कळते. सहकाऱ्यांनी रिसॉर्टवर चार दिवस मोकळ्या हवेत घालवायला माझी हरकत नाही; ती सहल आहे, तिचा खर्च सहलीच्या खात्यात टाकावा.

सल्लागारांच्या स्लाइडवर हमखास दिसणारा एक शंकू असतो: वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २०, आणि प्रत्यक्ष केलेले ९० टक्के. हा शंकू एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती. ते आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. माणसे ‘पाहून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’ अशी वाटून प्रत्येक गटाला वेगळे शिकवावे, या मताचीही तीच गत. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचे संशोधन तपासले, तेव्हा त्या वाटणीला पुरेसा आधार सापडला नाही. अशा स्लाइडवर विसंबून लाखोंचे बजेट मंजूर होते, याचा मला मनापासून राग येतो.

सर्वांत आदराने ज्याचे खंडन करावे असा पक्ष जुन्या फोरमनचा आहे. “आम्हाला कोणी वर्गात बसवलं होतं? बघून बघूनच शिकलो ना!” यात खोटे काही नाही. गिरणगावात किती तरी जण काका-मामांच्या शेजारी उभे राहून साचा चालवायला शिकले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, तेव्हाही कारखान्याचे काम न पाहिलेल्या माणसांकडून नांगर घडवून घेतले. पण स्वतः लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, हे विसरून कसे चालेल? आणि गिरणीतल्या पुतण्याला शिकायला वर्षे मिळत होती. आज मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून आलेला कंत्राटी मुलगा काही महिन्यांसाठी येतो. तेवढ्यात बघून बघून तो शिकतो ते समोरच्याच्या सवयी: सकाळच्या शिफ्टची एक, रात्रीच्या शिफ्टची दुसरी. शिवाय ज्याला काम येते त्याला ते शिकवता येतेच असे नाही. जुन्या ऑपरेटरचा हात इतका सरावलेला असतो की कोणत्या क्षणी आपण काय सांभाळतो हे त्याला शब्दांत सांगता येत नाही.

‘शिकवले की सोडून जातात’ ही तक्रार मला फार वेळ घ्यायच्या लायकीची वाटत नाही. हात तयार झाला तरी पगार हलला नाही, म्हणून माणूस जातो. शिवाय सगळेच प्रशिक्षण टाळता येत नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम १११-अ आले. शक्य असेल तेथे कारखान्यातच आरोग्य आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळवणे हा त्या कलमाने कामगाराचा हक्क ठरवला. निदान एवढे प्रशिक्षण तरी तेव्हापासून मालकाच्या मर्जीवरची गोष्ट राहिलेली नाही.

मग निवड करायची कशी? पहिला प्रश्न असा: त्या माणसाला ते काम खरोखर येत नाही, की येत असूनही करता येत नाही? पॉवर प्रेसवर बोटे जातात तिथे हा प्रश्न जीवनमरणाचा होतो. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक टार्गेटसाठी बांधून ठेवले असेल, सेन्सर महिनोन्‌महिने बंद असेल, तर ऑपरेटरला धोका पुरता ठाऊक असतो. अशा माणसाला सुरक्षिततेच्या व्याख्यानाला बसवणे हा त्याचा अपमान आहे. तिथे मशीन दुरुस्त करा, टार्गेट कमी करा.

काम येतच नसेल तर दुसरा प्रश्न: चूक किती वेळा घडते आणि घडली तर काय होते? क्वचित घडणारी पण जीव घेणारी चूक असेल, तर खोटा प्रसंग उभा करून सराव हवा. वैमानिकाला इंजिन बंद पडल्याचा अनुभव सिम्युलेटरमध्ये देतात तो याचसाठी. नुसती माहिती हवी असेल तर कागद किंवा मोबाइल पुरे. रोजच्या हातकामात रोज होणारी चूक असेल, आणि कारखान्यातल्या बहुतेक चुका तशाच असतात, तर मशीनपाशी उभे राहून शिकवण्याला पर्याय नाही.

त्यासाठी एक कसून तपासलेली रीत उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि अमेरिकेच्या कारखान्यांत लाखो नवी माणसे आली. त्यांना कामावर तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही मोहीम राबवली गेली. तिची सगळी मदार पर्यवेक्षकावर होती. त्याला दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, म्हणजे दहा तासांत, शिकवावे कसे हे शिकवत. आधी कामाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यातली कळीची गोष्ट काढायची आणि ती तशीच का, याचे कारण लिहायचे. मायक्रोमीटरचे उदाहरण घ्या. टप्पा: माप घेणे. कळीची गोष्ट: शेवटचा फेरा रॅचेटनेच द्यायचा. कारण: बोटांच्या जोराने घेतलेले माप प्रत्येकाचे वेगळे येते. शिकवणारा काम करून दाखवतो तेव्हा आधी फक्त टप्पे बोलतो, दुसऱ्यांदा कळीच्या गोष्टी, तिसऱ्यांदा कारणे. मग शिकणारा स्वतः करतो आणि करता करता तेच तोंडाने सांगतो. त्यानंतर त्याला एकट्याला सोडायचे, अडले तर कोणाला विचारायचे ते नाव घेऊन सांगायचे, आणि सुरुवातीला वारंवार, पुढे कमी कमी वेळा पाहायला जायचे. माणूस शिकला नसेल तर शिकवणाऱ्याचे काम अपुरे राहिले, हे या रीतीचे मूळ गृहीतक. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली, पन्नासच्या दशकात टोयोटाने उचलली आणि पुढे आपल्या कार्यपद्धतीचा पाया केली.

आपल्याकडे ही रीत अडते ती एकाच ठिकाणी. शिकवणाऱ्या ऑपरेटरचे त्या दिवसाचे टार्गेट कोणी कमी करत नाही. त्याने आपले नग पूर्ण करायचे आणि उरलेल्या वेळात नव्याला शिकवायचे, अशी अपेक्षा असते. उरलेला वेळ नसतोच. शिकवण्याचा तास उत्पादनाच्या हिशेबात धरला, त्याबद्दल भत्ता दिला आणि मशीनवरचा सूचनाफलक इंग्रजीऐवजी कामगाराच्या भाषेत लावला, तर बाहेरून व्याख्याता आणण्याची गरज फार थोड्या वेळा पडेल. फळ मोजायचे तर महिन्याभराने त्याच मशीनचे रिजेक्शन पाहा आणि पर्यवेक्षक जवळ नसताना, रात्रपाळीत, नवा माणूस काम कसे करतो ते पाहा.

मालकांना आणि एचआरच्या मंडळींना माझी विनंती आहे. पुढच्या एप्रिलचे कॅलेंडर छापण्याआधी गेल्या सहा महिन्यांचे रिजेक्शनचे रजिस्टर आणि अपघातांची नोंदवही टेबलावर घ्या, त्या मशीनवरच्या दोन ऑपरेटरांना बोलावून खुर्ची द्या, आणि विषय त्यांना विचारूनच ठरवा.