परिभाषेची लांबी: शब्दातली आणि वाक्यातली

मराठी परिभाषेवरील आक्षेप इतका रूढ झाला आहे की तो तपासण्याची गरज कुणास वाटत नाही. शब्द लांब, जोडाक्षरे फार, म्हणून परिभाषा दुर्बोध. सबब शब्द आखूड करावेत, असे हे गृहीतक. शासनाच्या ‘पदनाम कोशा’पासून (1962) समीक्षेतील संज्ञांपर्यंत सर्वांना हीच मोजपट्टी लावली जाते. ती चुकीची आहे.

‘मेयर’पेक्षा ‘महापौर’ लांब, तरी तो रुळला. ‘महाविद्यालय’ पाटीवर राहिले आणि बोलण्यात ‘कॉलेज’. लांबी एकटी काही ठरवीत नाही. वारंवार वापरले जाणारे शब्द आखूड असतात, हे झिफने 1935 सालीच मांडले. ती झीज वापराने होते, कोशकाराने ती आधीच उरकण्याचे कारण नाही.

घडवलेल्या भाषेपुढचा खरा प्रश्न लांबी कोठे ठेवावी, हा असतो. झामेनहॉफच्या एस्पेरान्तोत (1887) रुग्णालय म्हणजे ‘मालसानुलेयो’: विरुद्धार्थी उपसर्ग, ‘निरोगी’ हा धातू, व्यक्तिवाचक व स्थलवाचक प्रत्यय आणि नामाची खूण. शब्द लांबला, पण स्मरणावरचा भार हलका झाला आणि वाक्य सुटसुटीत राहिले. वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज़ा-ए-इस्तिलाहात’ हा उर्दू ग्रंथ 1921 साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूने प्रसिद्ध केला, तेव्हा अंजुमनचे कार्यालय औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, होते. केवळ अरबी धातूंवर न विसंबता उपसर्ग, प्रत्यय व समास यांनी संज्ञा घडवाव्यात, हा त्याचा आग्रह. मराठीच्या परिभाषा-चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते.

मराठी कोशांनी नामे घडवली, क्रियापदे मात्र फारशी नाहीत. ‘स्वीकारणे’, ‘अनुभवणे’, ‘गौरवणे’ अशी नामसाधित क्रियापदे करण्याची शक्ती भाषेत असताना ही उपेक्षा झाली. ‘मूल्यमापन’ दिले, मग ते ‘करावे’ लागते, शासनात तर ‘करण्यात येते’. जेथे ‘तपासले’ पुरते तेथे ‘तपासणी करण्यात आली’. नामागणिक अशी शेपटे लागून वाक्य चार ओळींचे होते. जालन्याचा शेतकरी नोटीस वाचताना ‘अधिग्रहण’पाशी अडतो त्याहून अधिक त्या कर्ता हरवलेल्या वाक्यात अडतो. समीक्षकांचेही तेच. त्यांनी ‘विरचना’ स्वीकारली (‘विरचित’ म्हणजे रचलेले, ही गंमत वेगळीच), पण तिचे क्रियापद वापरण्याचे धाडस केले नाही. एम.ए.चा विद्यार्थी मग ‘संहितेत विरचनेची प्रक्रिया घडून येते’ असे लिहितो, आणि कोणी कशाचे काय केले हे त्यालाही उलगडत नाही.

परिभाषा-समित्यांनी यापुढे प्रत्येक नव्या नामासोबत त्याचे क्रियापद आणि ते वापरलेले एक पूर्ण, सकर्तृक वाक्य छापावे. असे वाक्य जमत नसेल तर ते नाम कोशात घेऊ नये.