‘फुल्ली सिंथेटिक’ एवढंच विचारून भागत नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. गाडी सर्व्हिसिंगला आली की ग्राहक दोन प्रश्न हमखास विचारतात : तेल फुल्ली सिंथेटिक आहे का, आणि डबा कितीला? माझ्या इंजिनाला कंपनीनं कोणतं तेल लिहून दिलंय, हे विचारणारे फार थोडे. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांच्या गाड्या रस्त्यावर आल्यापासून मी जी महागडी कामं पाहतोय, त्यांतली बरीचशी या न विचारलेल्या प्रश्नामुळं उभी राहिलेली आहेत. चांगलं, महागडं, शंभर टक्के अस्सल सिंथेटिक तेलसुद्धा तुमच्या इंजिनासाठी चुकीचं असू शकतं.

मुळात ‘फुल्ली सिंथेटिक’ या दोन शब्दांतून कळतं तरी काय? अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, मूळ तेलाचे पाच गट करते. पहिले तीन खनिज तेलापासूनच निघतात. त्यातला तिसरा हायड्रोजनची प्रक्रिया करून फार कसून शुद्ध केलेला असतो. चौथा गट पीएओचा. ते तेल कारखान्यात रेणू जोडून बनवतात. इतर सगळं, एस्टर धरून, पाचव्यात. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातीवरून वाद झाला, तेव्हा तिथल्या जाहिरात-तक्रार मंडळानं तिसऱ्या गटातल्या तेलालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही, असा निर्णय दिला. आज आपल्याकडं सिंथेटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलाचा मोठा भाग याच गटातला असतो. ते तेल वाईट असतं असं मी म्हणत नाही, उत्तम असतं. पण डब्याच्या पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत काय छापलंय त्यावर निवड करू नका. डबा फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

तिथं आधी ग्रेड दिसेल : ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० वगैरे. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, आकडा जितका लहान तितकं तेल गारठ्यात लवकर वाहतं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पुरतं तापल्यावर, तेल किती दाट राहतं त्याचा. यावर माझ्याकडं रोज वाद होतो. ‘मिस्त्री, आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय? शून्यवालं पाण्यासारखं तेल कशाला? जरा जाड घाला की.’ यातला अर्धा मुद्दा खरा आहे. उणे ३५ अंशांना इंजिन फिरवायची परीक्षा पास झालेलं तेल कागल-गडहिंग्लजच्या माणसाला त्या कारणासाठी लागत नाही. पण दुसऱ्या आकड्याशी खेळ करू नका. बाहेर चंद्रपूरचा उन्हाळा असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी नव्वद अंशांच्या आसपासच ठेवतो. ‘आपल्याकडं ऊन जास्त म्हणून तेल जाड’ हा हिशेब तिथंच चुकतो.

जाड तेलाची ही सवय आली कुठून, ते मला घरातच ठाऊक आहे. माझे वडील विहिरीवरची आणि गुऱ्हाळाची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. पुढं ॲम्बॅसडर आणि पद्मिनी आल्या. त्या इंजिनांच्या बेअरिंगमधली फट मोठी, पंप साधा. त्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० शोभायचंच. वडिलांचं त्यांच्या काळात बरोबर होतं. आजच्या पेट्रोल इंजिनात तेलाला घर्षण कमी करण्यापलीकडची कामं आहेत. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते, टायमिंग चेनचा टेन्शनर कित्येक गाड्यांत तेलाच्या दाबावर ताणून राहतो, आणि तेल जातं ते बारीक वाटांतून. सेंटिस्टोक या दाटपणाच्या मापात ०डब्ल्यू-२० तेल ४० अंशांना साधारण ४० असतं. २०डब्ल्यू-५० त्याच तापमानाला दीडशेच्या वर जातं. सकाळी सेल मारल्यावर जी चेन खडखडते, ती कित्येकदा या जाडपणामुळं. पातळ तेलासाठी बांधलेल्या इंजिनात जाड तेल घातलं की ॲव्हरेजही पडतं. मग लोक इंजेक्टर साफ करून घेतात, प्लग बदलतात, तेलाचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

ग्रेडनंतर मानक, म्हणजे स्पेसिफिकेशन. माझा खरा जीव अडकलाय तो इथं.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि नव्या डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली, डीपीएफ. ही जाळी भरत आली की गाडी स्वतःच जादा डिझेल टाकून सुमारे सहाशे अंशांपर्यंत ती तापवते आणि काजळी जाळून टाकते. काजळी जळते, राख जळत नाही. आणि राख येते ती इंजिन ऑइलमधून. तेलात सफाईसाठी आणि झीज रोखण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची संयुगं घातलेली असतात. थोडं तेल जळणं कुठल्याही इंजिनात चुकत नाही, आणि त्यातून उरलेली धातूंची राख जाळीत कायमची बसते. म्हणून युरोपातल्या मोटार कंपन्यांच्या संघटनेनं, एसीईएनं, कमी राखेच्या तेलांचा ‘सी’ वर्ग काढला. त्यातल्या सी३ मध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही.

एका डॉक्टरबाईंची डिझेल एसयूव्ही माझ्याकडं डीपीएफचा दिवा लावूनच आली. आधीच्या ठिकाणी तेल सिंथेटिकच घातलं होतं, ५डब्ल्यू-४०, नाव मोठं, किंमतही मोठी. मानक मात्र जुन्या, राखेची मर्यादा सैल असलेल्या वर्गातलं. त्यात बाईंचा रोजचा प्रवास घर ते दवाखाना, चार-पाच किलोमीटर. जाळी तापून काजळी जळायच्या आत गाडी बंद. अशा अर्धवट जळणीत जादा टाकलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. डिपस्टिक ओढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर! ‘तेल वाढलंय म्हणजे चांगलंच की,’ असं त्यांच्या ड्रायव्हरला वाटत होतं. वाढलेलं ते डिझेल होतं. तेल पातळ होऊन बेअरिंगचं संरक्षण गेलं होतं. असं दिसलं तर दहा हजार किलोमीटरची वाट पाहू नका, तेल लगेच बदला. आणि डिझेल गाडी रोज चार किलोमीटर चालवणार असाल, तर आठवड्यातून एकदा तरी तिला हायवेवर अर्धा तास न थांबता पळवा. पुणे-बंगळूर रस्ता दाराशी आहे.

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांचं दुखणं वेगळं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर, कधी दोन लाखांपर्यंत फिरतो, आणि त्याला वंगण देतं ते तेलच, गारवाही बराचसा त्याचाच. इथं सिंथेटिकवर खर्च केलेला पैसा खरोखर वसूल होतो, कारण साधं खनिज तेल त्या उष्णतेत करपून कोळशासारखं चिकटतं. शिवाय कमी आरपीएमवर एकदम जोर दिला की या इंजिनांत ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टन फुटू शकतो. यात तेलातल्या कॅल्शियमचाही हात असतो, हे सापडल्यावर तेलांची घडण बदलली. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी मानकात त्याची कसोटी आहे. फोर्डच्या इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत तर टायमिंग बेल्टच तेलात भिजत फिरतो. भलतं तेल घातलं तर त्याचे तुकडे सुटून पंपाच्या गाळणीत अडकतात. अशा गाडीत ‘जे मिळेल ते’ घालणं म्हणजे इंजिनच पणाला लावणं.

याच्या उलटही तितक्याच आग्रहानं सांगतो. राधानगरीकडून ऊसवाले शेतकरी जुन्या बोलेरो घेऊन येतात आणि कुणाचं तरी ऐकून सिंथेटिक मागतात. डीपीएफ नसलेल्या त्या जुन्या डिझेल इंजिनाला चांगलं १५डब्ल्यू-४० खनिज तेल आणि वेळेवर बदललेला फिल्टर पुरतो. वाचलेले पैसे टायरला घाला. आणि मोटारीतलं उरलेलं सिंथेटिक मोटरसायकलमध्ये ओतू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, मोटारीच्या तेलातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी तो घसरू लागतो. तिथं डब्यावर जासो या मोटरसायकलच्या तेलाच्या मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं लागतं. वरून घालायच्या जादूच्या बाटल्यांबद्दल एवढंच : लागत नाहीत.

कंपनी कोणतीही घ्या, ग्रेड आणि मानक जुळलं की पुरे. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं, कित्येक गाड्यांत तेलाच्या टोपणावर ग्रेड छापलेली असते. पण ती पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात कोऱ्या पिशवीतच पडून राहते, कारण ती इंग्रजीत असते. महाराष्ट्रात लाखो रुपयांना गाडी विकणाऱ्या कंपनीनं निदान तेलाचं एक पान मराठीत द्यायला हवं आणि बॉनेटखाली ग्रेडसोबत मानकाचाही स्टिकर लावायला हवा. तो स्टिकर लावायला किती खर्च येणार?

आणि आम्हा गॅरेजवाल्यांकडं नीट बिलाची मागणी करा. ‘इंजिन ऑइल, साडेतीन लिटर’ एवढंच लिहिलेलं बिल मोठ्या सर्व्हिस सेंटरमधूनही येतं. उद्या वॉरंटीचा वाद झाला तर त्या कागदाला किंमत नाही. मी बिलावर कंपनी, ग्रेड, मानक आणि किलोमीटर लिहून देतो, सीलबंद डबा ग्राहकासमोर फोडतो आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडतो, कारण अस्सल रिकाम्या डब्यांतच नकली तेल भरलं जातं. यात माझी दोन मिनिटं जातात. तुमचं गॅरेज ती द्यायला तयार नसेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी दुसरीकडं न्या.