जाहिरातीला मोकळीक, बातमीला मज्जाव

नभोवाणीच्या धुरीणांना श्रोत्याचे मन नेहमीच उशिरा कळते. १९५२ मध्ये नभोवाणी खाते हाती आल्यावर बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून दूर सारले. श्रोता मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे वळला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिरातीही आल्या.

पुढे खासगी एफएम केंद्रे निघाली, सोलापुरातही आली. जुनी चूक मात्र नव्या रूपाने कायम राहिली. गाण्यांना मोकळीक मिळाली, स्वतंत्र बातम्यांना मज्जाव झाला. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविण्याची मुभा दिली, एवढेच. मंद्रूपच्या शेतकऱ्याला सोलापूरच्या सराफाची सवलत घरबसल्या कळते. पण बाजार समितीत कांद्याचे लिलाव बंद पडले, तर ती बातमी देण्यास हे केंद्र मुखत्यार नाही.

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. ही मालमत्ता जाहिरातदाराच्या उपयोगी पडते, तर तिच्या खऱ्या धन्याने बातमीला का मुकावे? अफवांचे भय असेल, तर वृत्तपत्रांना व खासगी दूरचित्रवाणीला लागू असलेले कायदे येथेही आहेतच. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांची शिफारस केली. शासनाने ती स्वीकारावी. सिलोनचा धडा एकदा मिळाला, तेवढा पुरे.