चला, पाहून येऊ या : सूर्याचा दगडी रथ



आईकडून दहा रुपयांची चॉकलेटी नोट मागून घ्या. 2018 साली आलेली, नवी. आता ती उलटी करा. मोठं गोल चाक दिसलं? हे चाक बैलगाडीचं नाही की यंत्राचं नाही. ते आहे सूर्यदेवाच्या रथाचं! आणि हा रथ उभा आहे ओडिशात, समुद्राजवळ, कोणार्क गावी. चला तर मग.

मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे भुवनेश्वरला जाणाऱ्या गाडीचं नावच मुळी 'कोणार्क एक्सप्रेस'. भुवनेश्वरला उतरलात की आधी जवळच्या धौलीला जा. तिथे एका खडकातून हत्ती बाहेर येतोय असं वाटतं, कारण त्याचा पुढचा अर्धा भागच कोरलेला आहे. त्याच खडकावर सम्राट अशोकाचे आदेश आहेत, ब्राह्मी लिपीत. इ.स.पू. 261 च्या सुमारास कलिंगचं युद्ध झालं, हे तुम्ही इतिहासात वाचलंयच. त्या युद्धाचं दुःख अशोकाने दुसऱ्या ठिकाणच्या शिलालेखांत सांगितलं. पण खुद्द कलिंगातल्या या खडकावर मात्र ते नाही! इथे त्याने लिहिलं की सगळी माणसं मला माझ्या मुलांसारखी आहेत. असं का केलं असेल त्याने? जखमेवरची खपली काढायला नको, म्हणून? जेवताना आई-बाबांशी बोला यावर.

आता कोणार्क. राजा नरसिंहदेव पहिला याने तेराव्या शतकात, 1250 च्या सुमारास हे मंदिर बांधवलं. मंदिर कसलं, रथच तो! सात घोडे आणि चोवीस चाकं. एकेक चाक जवळजवळ तीन मीटर उंच, म्हणजे तुमचे बाबा शेजारी उभे राहिले तरी छोटे दिसतील. आमच्या वर्गात चित्र दाखवलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, ही चाकं फिरतात का?" चाकं नाही फिरत, पण त्यांच्यावरची सावली फिरते!

प्रत्येक चाकाला आठ जाड आणि आठ बारीक आरे आहेत. मिळून सोळा. दिवसाचे तास 24, म्हणून दोन आऱ्यांमध्ये दीड तास. तिथले गाईड दाखवतात की दोन आऱ्यांमध्ये कडेला तीस मणी कोरलेत. मग एक मणी म्हणजे किती? तीन मिनिटं! चाकाच्या मधल्या आसाची सावली कुठे पडते ते पाहून ते वेळ सांगतात. अर्थात ऊन असेल तेव्हाच हं.

तिथून तीनेक किलोमीटरवर समुद्रकिनारा आहे. नाव काय माहितेय? चंद्रभागा! पंढरपूरची आठवण झाली ना? आपण ज्या दिवशी रथसप्तमी करतो, त्याच दिवशी, माघ शुद्ध सप्तमीला, इथे मोठी जत्रा भरते. पहाटे स्नान करून लोक समुद्रातून वर येणारा सूर्य पाहतात.

पुढे पस्तीस किलोमीटरवर पुरी. जगन्नाथाच्या मंदिरासमोर काळ्या दगडाचा उंच खांब आहे, अरुणस्तंभ. त्याच्या टोकावर बसलाय अरुण, म्हणजे सूर्याचा सारथी. हा खांब मूळचा कोणार्कचा. 1751 ते 1803 या काळात ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या मराठी अमलातच तो पुरीला आणला गेला. म्हणून आज रथ कोणार्कला आणि सारथी पुरीला!

कोणार्कचं मुख्य शिखर मात्र आता नाही. ते केव्हाच कोसळलं. पुढचा मंडप तरी वाचावा म्हणून 1903 साली त्यात वाळू भरून दारं बंद केली. समुद्राचा खारा वारा दगड खातोच आहे. त्यात आपण काय करतो? किल्ल्यांवर, लेण्यांमध्ये बघा. बदाम आणि त्यात नावं! वाऱ्याला आपण थांबवू शकत नाही, पण खिशातला खिळा थांबवू शकतो. कोणार्कचं चाक घडवणाऱ्या कारागिरांनी आपलं नाव त्यावर कुठे मिरवलं नाही. मग आपण कशाला कोरायचं? नाव लिहायचंच असेल तर वहीत चाकाचं चित्र काढा आणि खाली झोकात सही करा.

आई-बाबांसाठी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. दगड फार तापत नाहीत. पुरीच्या समुद्राला ओढ जोरदार असते, मुलांचा हात सोडू नका.

आणि हे कोडं : सावली एका आऱ्यावरून निघून दहा मणी पुढे सरकली, तर किती वेळ झाला? उत्तर पुढच्या अंकात.

तुमच्या बाई