बसऱ्याचें यश व कूटचा हिशेब

६ नोव्हेंबर १९१४ रोजीं पुणें डिव्हिजनच्या १६ व्या ब्रिगेडनें मेसोपोटेमियांत तुर्कांचें फाओ घेतलें. तींत ११७ वी मराठा पलटण होती. १७ तारखेस साहिलची लढाई झाली, २२ रोजीं बसरा पडला. या सोळा दिवसांच्या यशानेंच वरिष्ठ भुलले. पहिल्या नफ्यावर भाळून सारें भांडवल पणास लावणाऱ्या व्यापाऱ्याप्रमाणें ते पुढें बगदादकडे धांवले. रसद व औषधोपचार मागेंच राहिले. परिणामीं २९ एप्रिल १९१६ रोजीं कूट येथें शरणागति पत्करावी लागली. १९१७ सालीं चौकशीमंडळानें ठपका ठेविला खरा. परंतु जिचे पुत्र तेथें पडले, त्या रयतेस पलटण पाठवितांना कोणीं विचारलें होतें काय? शौर्य शिपायाचें, जबाबदारी धाडणाऱ्याची. आणि तिचा हिशेब मागण्याचा हक्क, आमच्या मतें, रयतेचाच होय.